शालीखालचा व्हॉल्व्ह

फ्लेक्सवर पाच फोटो होते. त्यात व्हॉल्व्ह नव्हता.

सगळ्यात मोठं डोकं अण्णासाहेब गाडेकरांचं. त्यांच्याखाली धाकटे भाऊ रामकिसन, फेट्यात. कुणाच्या तरी लग्नातला फोटो छातीपासून कापून आणलेला, म्हणून खांद्यावर नवरीच्या आईची बोटं अजून दिसत होती. मग रामकिसनचा पोरगा कल्याण, दोनदा. एकदा संशोधक म्हणून आणि एकदा निमंत्रक म्हणून. पाचवा चेहरा तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा. त्याला या कार्यक्रमाची खबर नव्हती, पण त्याच्याशिवाय फ्लेक्स नागडा वाटतो असं कल्याणचं मत.

'गाडेकर क्रांती ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह : भव्य अनावरण सोहळा.' फ्लेक्स मोसंबीच्या कलमांच्या शेडनेटमध्ये, पाण्याच्या पाइपालाच बांधलेला. आत शंभर खुर्च्या. तीर्थपुरीहून माणसं यायला लागली होती, आणि बहुतेकांना वाटत होतं कुणाचा तरी वाढदिवस आहे.

"यादी वाच," अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी सकाळीच कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून ते नऊ वाजल्यापासून उभेच होते.

कल्याणनं कागद काढला. "संशोधकांची नावं. एक, रामकिसन गाडेकर. दोन, कल्याण रामकिसन गाडेकर. तीन, अण्णासाहेब—"

"तीन?"

"अण्णा, नंबराला काय हाय त्याच्यात..."

"टाकी कुणाच्या बांधावर हाय?"

"तुमच्या."

"टाकी न्हाई तर पाणी न्हाई. पाणी न्हाई तर तुमच्या व्हॉल्व्हला काय चाटायचं? मंग मूळ शोध कुणाचा झाला?"

रामकिसन खुर्ची पुसत होता. तो हळूच म्हणाला, "अण्णा, टाकी तुमची हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण परवानगी मी दिली. तीन साल घरात बाया स्टोचे पंप फोडून राह्यल्या, चुलीवर मेण वितळून राह्यल्या. एक शब्द बोललो का मी? दुसरा असता तर हात मोडून ठिवला असता."

बायकोचे हात न मोडणं हा शोध कोणत्या शाखेत धरायचा, हे कोणी विचारलं नाही. अण्णासाहेबांनी मान हलवली. मुद्दा वजनदार होता.

तर एकाची टाकी, एकाची परवानगी, आणि कल्याणचा ईमेल. पुण्याच्या ठिबकच्या कंपनीला ईमेल त्यानं केला होता. लिहिला होता त्याच्या बायकोनं, दैवशालानं. पण पाठवायचं बटण त्यानं दाबलं होतं.

"तुझ्या मायचं नाव टाकलं न्हाई का?" रामकिसननं विचारलं.

"टाकलं की. चार नंबरला. सौ. उषाबाई, कंसात सहकार्य."

"अन् सूनबाईचं?"

कल्याण हसला. "तिचं कशाला? माझं नाव म्हंजी तिचंच नाव हाय ना."

---

शेडनेटच्या दाराशी, पाइपाच्या तोंडावर, ती वस्तू उभी होती. पितळेची एक नळी, स्टोव्हच्या पंपाची, टाचेएवढी रुंद पण नाही. तिच्यात मेण. ऊन वाढलं की मेण पातळ होतं, फुगतं, आतला दट्ट्या पुढं ढकलतं. दट्ट्या दांडीला लावलेला, दांडी पाण्याची वाट उघडते. वरच्या फवाऱ्यातून धुक्यासारखं पाणी पडतं आणि कलमांची कोवळी पालवी जळायची वाचते. थंड झालं की मेण आक्रसतं, सायकलच्या ट्यूबची पट्टी दांडीला मागं ओढते, पाणी बंद. लाइट लागत नाही, माणूस लागत नाही. अडतीस डिग्रीला उघडतं. कलम विकून जगणाऱ्या माणसाला याचा अर्थ कळतो. दुपारी लाइट गेली आणि घरचं माणूस मयतीला गेलं, तर संध्याकाळी दोन हजार रोपांचं सरपण होतं.

शेजारी दुसरी वस्तू. कुकरच्या जुन्या रबराचा पडदा, त्याच्यामागं स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या टोकाशी एक बटनांचा जुना मोबाइल. नळीतला दाब पडला की स्प्रिंग सुटते आणि मोबाइलचं हिरवं बटन दाबते. दैवशालाच्या फोनवर मिसकॉल येतो. गाळणी तुंबली, पाइप फुटला, व्हॉल्व्ह उघडला, काहीही झालं तरी तिला घरात भाकरी थापता थापता कळतं. फोनमध्ये तिनं त्या नंबराला नाव दिलं होतं 'नळी'.

दोन्ही वस्तूंवर पालथं घातलेलं मडकं होतं, भोकं पाडलेलं. वारा आत जावा, ऊन जाऊ नये, म्हणून. कल्याणनं सकाळी ते मडकं उचलून बांधावर फेकलं. फोटोत चांगलं दिसत नव्हतं. त्याच्या जागी त्यानं जालन्याहून आणलेली किरमिजी रंगाची लोकरी शाल टाकली, दोन्ही वस्तू झाकल्या जातील अशी. वरून झेंडूचा हार, आणि भोवती लाल रिबन.

अनावरण म्हटलं की वर काहीतरी आवरण पाहिजेच.

---

उषाबाई भजे तळत होती. साठीला आलेली बाई, पण कढईसमोर बसली की तिची नजर तेलावर नसायची, स्टोव्हच्या ज्योतीवर असायची. ज्योत जरा पिवळी झाली की हात आपोआप पंपाकडं जायचा. गॅस होता घरात. शंभर माणसांचं म्हणून तिनं मुद्दाम स्टोव्ह काढला होता. तो तिच्या बापाचा.

बापाचं जालन्यात मस्तगडला दुकान होतं, स्टोव्ह आणि कुकर दुरुस्तीचं. धर्मराज त्याचं नाव. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथं बसून उषा सातव्या वर्षी चामड्याचे वायसर कापायची, तेलात भिजवायची, पंपात बसवायची. दाब म्हणजे काय हे तिला शाळेनं शिकवलं नाही. कुकरच्या शिट्टीखाली बोट धरून बापानं शिकवलं. सतराव्या वर्षी तीर्थपुरीला दिली, आणि त्यानंतर चाळीस वर्षं तिनं दाब फक्त सहन केला.

मग दैवशाला आली. आयटीआय झालेली सून. लग्नाच्या वेळी गाडेकरांनी ते शिक्षण पत्रिकेत छापलं आणि नंतर विसरून गेले. तिच्या माहेरून आलेल्या पेटीत साड्यांच्या खाली एक थर्मामीटर आणि बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर होतं. उषाबाईनं ते पाहिलं, आणि दोघींचं तिथं जमलं. मेण नुसतं भरलं तर साठ डिग्रीशिवाय हलत नव्हतं. उषाबाई म्हणाली, व्हॅसलीन मिसळून बघ. दैवशालानं एकतीस वेळा मिसळून बघितलं आणि एकतीस वेळा वहीत लिहिलं.

आता दैवशाला कांदे चिरत होती. न बघता म्हणाली, "यादीत माझं नाव न्हाई म्हणं."

उषाबाईनं झारा फिरवला.

"कंपनीनं ईमेलात लिवलंय आत्याबाई. ज्याचं नाव फॉर्मवर, त्याला सहा महिने पुण्याच्या वर्कशॉपात बोलवणार. पितळेच्या जागी दुसरं काय चालंल, मोठ्या पाइपाला कसं करायचं, ते तिथं बसून करायचं. नाव न्हाई तर जाणं न्हाई."

"ठाऊक हाय."

"माझं नाव गाळायचं म्हणून ह्यांनी तुम्हाला विचारलं व्हतं का?"

"इचारलं. म्हणला, माझं नाव म्हंजी तिचंच नाव."

"मंग?"

उषाबाईनं भजे काढले, नवे सोडले. तिला खोटं बोलता येत नव्हतं, ही तिची मोठी अडचण.

"हो म्हणले मी," ती म्हणाली.

दैवशालाची सुरी थांबली. "काहून?"

"तू सहा महिने जाशील. मंग इथं कोण?"

"भाकऱ्या का? सहा महिने बाई लावा एक."

"भाकऱ्या गेल्या खड्ड्यात," उषाबाई एकदम चिडली. "चाळीस साल थापल्या, आनखी सहा महिने थापीन. बोलायला कोण? ह्या घरात मी वायसर म्हणलं की कळतं कुणाला? तुझा सासरा? त्याला वायसर म्हणजे नळाचा वाटतो. तू गेली का मी पुन्हा मुकी."

दैवशालानं ओल्या हातानं डोळे पुसले. कांदा होता, त्यामुळं कोणाला काही म्हणता येत नव्हतं.

"म्हणून माझं नाव खोडलं तुम्ही."

"खोडलं न्हाई. लिवू दिलं न्हाई."

"फरक काय हाय त्याच्यात?"

घरातल्या पुरुषांनी तिचं चाळीस वर्षं जे केलं, तेच तिनं एका शब्दात उरकलं होतं. आणि वर त्याला माया म्हणायचं. तिला हे कळत होतं. कळूनही ती भजे तळत राहिली.

---

साडेअकराला पांढरी गाडी आली. हलगी वाजली. पुढच्या दारातून एक भरदार माणूस उतरला, पन्नाशीचा, मिशीवाला, काळा चष्मा. मागच्या दारातून एक पोरगी उतरली, जीन्स आणि सुती कुर्ता, पाठीवर पिशवी.

अण्णासाहेब पुढं झाले आणि त्यांनी मिशीवाल्याच्या गळ्यात हार घातला.

"साहेब, आमच्या गावाचं भाग्य!"

"अहो मी—"

त्याच्या अंगावर शाल पडली. बोलणं शालीत गेलं.

"मी ड्रायव्हर आहे," तो नारळ घेता घेता म्हणाला. ते हलगीत बुडालं. तिसऱ्यांदा तो ओरडूनच म्हणाला, "मी मिथुन! ड्रायव्हर! मॅडम या आहेत!"

हलगी थांबली. अण्णासाहेबांनी पोरीकडं बघितलं, मग ड्रायव्हरकडं, मग पुन्हा पोरीकडं, जणू कोणीतरी मुद्दाम त्यांचा सदरा चुरगाळला.

"राजनंदिनी," ती म्हणाली. "कंपनीच्या डिझाइन विभागातून आले. व्हॉल्व्ह कुठं आहे?"

"हे काय, ते काय!" कल्याण धावत आला. "इथंच हाय मॅडम. पण आधी सत्कार, मंग दोन शब्द, मंग अनावरण. लगेच. जल्दीच उरकतो."

शाली दोनच आणल्या होत्या. एक ड्रायव्हरच्या अंगावर, एक व्हॉल्व्हवर. ड्रायव्हरची काढून घ्यावी की कसं, यावर कल्याण आणि रामकिसन यांच्यात डोळ्यांनी बोलणी झाली. शेवटी मॅडमना नुसता नारळ मिळाला. मिथुन शाल पांघरून पहिल्या रांगेत बसला. छत्तीस डिग्रीत लोकरीची शाल. घामानं निथळत होता, पण काढायची कशी, सत्कार होता.

दैवशाला भज्यांचं ताट घेऊन आली तेव्हा तिनं दाराशी बघितलं. ताट तिच्या हातात तिरकं झालं.

"अहो," तिनं कल्याणला बाजूला घेतलं. "मडकं कुठंय? शाल काढा ती. उन्हात हाय, आत वारा न्हाई. तापंल ते."

"रिबन बांधलीय वरून. अनावरण व्हायचंय."

"अनावरणाच्या आधी उघडंल."

"तू भजे वाट. गप."

तिनं सासूकडं बघितलं. उषाबाई पाण्याची कळशी घेऊन मागं उभी होती. तिनंही शाल बघितली होती. तिला मोजायला थर्मामीटर लागत नव्हता. सकाळपासून उन्हात ठेवलेल्या कुकरला हात लावावा की नाही, हे तिला लांबून कळायचं.

"आत्याबाई, सांगा त्यांना. तुमचं ऐकतेल."

उषाबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात माइक खरखरला आणि अण्णासाहेबांचं भाषण सुरू झालं. उषाबाईनं तोंड मिटलं. भासरे, म्हणजे थोरले दीर, बोलत असताना बोलायचं नाही, हे तिला चाळीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, आणि आज पहिल्यांदा तिला त्या शिकवणीचं बरं वाटलं.

"सांगितलं न्हाई असं कोणी म्हणायला नको," ती दैवशालाच्या कानात बोलली. "तू म्हणली. एकदा. पुरं झालं."

---

अण्णासाहेब दोन शब्द बोलणार होते. ते पंचवीस मिनिटं बोलले.

राजनंदिनी पहिल्या रांगेत मोबाइल उभा धरून सगळं चित्रित करत होती. तिला असल्या सोहळ्यांची सवय होती. गेल्या वर्षी एका गावात तिला शोध दाखवायच्या आधी तीन मंदिरं दाखवली होती. ती वाट बघत होती ती एका गोष्टीची, की हे बोलता बोलता कोणीतरी मेणाबद्दल बोलेल. ईमेलमध्ये चार पानं मेणाबद्दल होती, प्रत्येक मिश्रणाचा आकडा, चुकलेले आकडेसुद्धा. चुकलेले आकडे लिहिणारा माणूस तिला बघायचा होता.

"हा शोध," अण्णासाहेब म्हणाले, "आमच्या रक्तात व्हता. आमचे आजोबा मोट हाकायचे. मोट म्हंजी काय? पाणी उचलणं अन् पाणी सोडणं. म्हंजी व्हॉल्व्हच! तवापासून गाडेकर घराणं ह्या विषयावर चिंतन करून राह्यलं. मी स्वतः टाकी बांधली तवा माझ्या मनात..."

दैवशालाच्या कमरेला फोन वाजला.

तिनं काढून बघितला. नाव आलं होतं 'नळी'.

तिनं फोन सासूला दाखवला. उषाबाईनं पदर डोक्यावरून नीट पुढं ओढला, जणू आता पाऊस येणार हे तिला कोणीतरी सांगितलं होतं.

वरच्या दीडशे फवाऱ्यांनी एकदम श्वास सोडला.

धुकं खाली आलं. आधी कोणाला काही कळलं नाही, बरंही वाटलं. मग सदरे अंगाला चिकटले. अण्णासाहेबांची इस्त्री तीन मिनिटांत संपली. माइक एकदा किंचाळला आणि गेला. भज्यांच्या ताटात तळं साचलं. माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन पळाली, आणि पळताना एकानं फ्लेक्सची दोरी ओढली. रामकिसनचा फेट्यातला चेहरा अण्णासाहेबांच्या अंगावर पडला. मिथुन मात्र जागेवरून हलला नाही. शाल अंगावर पडल्यापासून पहिल्यांदा त्याला गार वाटत होतं.

राजनंदिनीनं पिशवीतून तापमापक काढला. "छत्तीस," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या ईमेलमध्ये अडतीसला उघडतो असं लिहिलंय. मग आत्ता कसा उघडला? सेटिंग कोणी केलंय?"

पाणी पडतच होतं.

कल्याणनं आधी बापाकडं बघितलं, बापानं अण्णांकडं. तिघांच्या चेहऱ्यावर एकच विचार एकाच वेळी चढला, मेणासारखा.

"मॅडम, ते काय हाय," कल्याण म्हणाला, "सेटिंग-बिटिंग ह्यांनी केलं. बायकांनी. मेण भरणं वगैरे चुलीजवळचं काम."

"तुम्ही नाही?"

"मी? न्हाई न्हाई. मला कुठं टाइम."

"अहो मी तर पहिल्यापासून म्हणत व्हतो," अण्णासाहेब सदरा पिळत म्हणाले, "पोरखेळ हाय. बायांच्या नादी लागून बेइज्जती झाली घराची. माझा काई संबंध न्हाई. टाकी तेवढी माझी."

"अन् तुमचा?" तिनं रामकिसनला विचारलं.

"आपल्याला त्यातलं काहीच कळत न्हाई बाई," रामकिसन म्हणाला. तीन वर्षांत या शोधाबद्दल बोललेलं हे त्याचं पहिलं खरं वाक्य.

"बरं. मग असं करू." राजनंदिनीनं पिशवीतून कंपनीचा फॉर्म काढून उलटा केला. "मागच्या पानावर जागा आहे. ज्यांचा शोधात भाग नाही, त्यांनी तसं लिहून सही करायची. पुढं कंपनीकडं भरपाईची मागणी आली, तर तुमच्यावर नको यायला."

भरपाई म्हटल्याबरोबर पेन तीन हातांत एकदम गेला.

"आणा," अण्णासाहेब म्हणाले. "बिलकुल लिहून देतो." यावेळी मात्र पहिला नंबर त्यांनी घेतला.

---

तिन्ही सह्या झाल्या. मग दैवशाला पुढं आली. तिनं ताट खाली ठेवलं, रिबन दातानं तोडली, हार काढला आणि शाल उचलली.

नळीशेजारी तिचा थर्मामीटर तारेनं बांधलेला होता. तिनं तो न काढता राजनंदिनीला खाली वाकायला सांगितलं.

"बेचाळीस," राजनंदिनीनं वाचलं.

"लोकर हाय मॅडम. सकाळपासून उन्हात. ह्याला बाहेर छत्तीस हाय का चौतीस, काय कळणार? ह्याच्यासाठी बेचाळीस झालं, तो उघडला. उघडला नसता तर बिघडलेला म्हणले असते मी."

ती बांधावर गेली, मडकं शोधून आणलं. कोपरा फुटला होता. तिनं ते नळीवर ठेवलं. "आता थांबा."

सगळे थांबले. कोण निघून जाणार, कपडे वाळायचे होते. आठ मिनिटं गेली. मग दांडी हलली, अर्धा इंच, परत अर्धा इंच, आणि सायकलच्या ट्यूबनं तिला सावकाश मागं घेतलं. वरचं धुकं विरळ झालं आणि थांबलं. कोणी हात लावला नव्हता.

राजनंदिनीनं थर्मामीटरचा फोटो काढला, मडक्याचा काढला, आणि बराच वेळ त्या पितळी नळीकडं बघत राहिली. मागून मिथुन म्हणाला, "च्यायला," आणि तेवढंच शेडनेटमध्ये सगळ्यात खरं अनावरण झालं.

कल्याणच्या तोंडाचा रंग उतरला. "मॅडम, ते मागचं पान जरा..."

"ओलं झालंय," ती म्हणाली. "पण बॉलपेन आहे. पुसत नाही."

मग ती उषाबाईकडं वळली. "आता राहिल्या तुम्ही दोघी. नावं कोणती लिहू?"

इथं घर पुन्हा फिरलं. कल्याण आईच्या कानाशी आला. त्याच्या मागं रामकिसन, आणि चार पावलांवर, दुसरीकडं बघत, पण कान इकडं, अण्णासाहेब.

"माय, तुझं एकटीचं सांग. बापाच्या दुकानाचं सांग, मस्तगडचं. बराबर वाटंल. घरातलं घरात राहील. ही गेली का फिरून येते का काय माहीत."

"खरं हाय उषाबाई," अण्णासाहेब हवेला म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. हाक मारायची गरजच पडली नव्हती. "मान तुमचाच हाय. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी."

सकाळी कंसात सहकार्य असलेली बाई दुपारी घराण्याची एकमेव शास्त्रज्ञ झाली होती. तीन पुरुष ओले, पाठीशी. उषाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. अण्णासाहेबांच्या छातीवर फ्लेक्सचा निळा रंग उतरला होता.

मोह झाला नाही असं नाही. नाव एकटीचं. सून घरात. भाकरी थापताना बोलायला कोणीतरी. एक शब्द बोलला की झालं, सकाळी बोलली होती तसाच.

"मेण अन् व्हॅसलीन किती किती?" राजनंदिनीनं विचारलं. तिला नुसतं लिहून घ्यायचं होतं.

उषाबाई म्हणाली, "ते मला आकड्यात न्हाई सांगता येत. मी बोटानं बघते. आकडा हिच्याजवळ हाय."

"शंभराला बावीस," दैवशाला म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, राग पण नाही. सकाळीच संपला होता. "पण मेण वायसरच्या बाजूनं गळत व्हतं. रबर लावलं, फायबर लावलं, सगळं गळलं. शेवटी आत्याबाईंनी चामडं कापलं, एरंडेलात तीन दिवस भिजवलं. ते लिवा आधी. त्याच्याशिवाय माझा आकडा काही कामाचा न्हाई."

उषाबाईनं सुनेकडं बघितलं. जिचं नाव तिनं सकाळी लिहू दिलं नव्हतं, ती तिचं नाव सांगत होती, आणि त्यात उपकार दाखवत नव्हती. नुसतं जसं होतं तसं, वहीत चुकलेले आकडे लिहावेत तसं.

"लिवा," उषाबाई म्हणाली. "एक नंबरला दैवशाला."

"माय!" कल्याण.

"दोन नंबरला मी. उषा. अन् कंसात काही लिवू नका."

"अगं पण घर? सहा महिने? मी काय खायचं?"

"मडकं फेकता येतं ना तुला? मंग धुता पण येतंय," उषाबाई म्हणाली. "तुझं नाव म्हंजी तिचंच नाव व्हतं ना सकाळी? मंग आता तिचं नाव म्हंजी तुझंच समज. खूश राह्य."

पाठीमागं कोणीतरी हसलं. ड्रायव्हर असावा.

---

चारला गाडी गेली. मिथुन शाल परत करत होता, पण ती ओली इतकी होती की कोणी घेईना. रामकिसन फ्लेक्स घडी घालत होता. मागची बाजू कोरी होती, ज्वारी वाळवायला चालली असती. अण्णासाहेब बांधावर टाकीजवळ उभे होते, ती तरी आपली आहे याची खात्री करत.

शेडनेटमध्ये दोघीच. दैवशाला जुना मोबाइल स्प्रिंगखालून सोडवत होती.

"हे काय करून राह्यली?"

"नंबर बदलते. मी पुण्याला असताना नळीचा फोन मला येऊन काय उपयोग? इथं पाणी फुटलं तर तिकडून मी काय करणार?" ती थांबली. "ह्यांचा टाकू का?"

"त्याचा नेहमी बिझी लागतो," उषाबाई म्हणाली. "माझा टाक."

दैवशालानं नंबर टाकला. बोटं जरा चुकली, पुन्हा टाकला. मोबाइल जागेवर बसवला, पडदा ताणला, आणि दाब पडला की नाही हे बघायला नळ अर्धा उघडला. स्प्रिंग सुटली, हिरवं बटन दबलं.

उषाबाईच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. मिसकॉल होता. तो उचलायचा नसतो, हे तिनंच दैवशालाला शिकवलं होतं. तिकडून कोणी बोलत नाही, स्प्रिंग बोलते फक्त.

तरी तिनं उचलला. तीन पावलांवर सून उभी होती, ओल्या साडीत, हातात पाना. उषाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. फोन कानाला लावला.

"बोल," ती म्हणाली. "ऐकून राह्यले."